हरणाऱ्यांच्या बाजूला

निघण्यापूर्वी एक अट ऐकून घ्या. ज्या ज्या मैदानावर तुम्ही उतराल, तिथल्या सामन्याचा निकाल तुम्हाला आधीपासून ठाऊक असेल. तो कोणाला सांगता येणार नाही; बदलता तर मुळीच येणार नाही. भोवतालच्या हजारो माणसांचा जीव टांगणीला लागलेला असेल आणि त्या गर्दीत तुम्ही एकटेच शांत असाल. या शांतपणाचा उपयोग करून घ्या. निकाल लागेपर्यंत गर्दीची नजर चेंडूवर असते, लागला की जिंकणाऱ्यांवर. तुम्ही हरणाऱ्यांकडे बघा. हा प्रवास त्यासाठीच आहे.

खेळ बेसबॉलचा आहे. तुम्ही क्रिकेटवर वाढलात, त्यामुळे पहिली काही मिनिटं गोंधळायला होईल. इथे गोलंदाजाच्या जागी पिचर असतो. मातीच्या बुटक्या उंचवट्यावर उभा राहून तो चेंडू फेकतो आणि चेंडू टप्पा घेत नाही. तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडून दिलेले नीट चेंडू, झाल्या की फलंदाज बाद, तीन फलंदाज बाद झाले की डाव संपला. असे नऊ डाव. तिन्ही बेस, म्हणजे मैदानावरचे ठरलेले थांबे, ओलांडून धावणारा पुन्हा होम प्लेटवर, म्हणजे फलंदाजाच्या जागेवर, पोचला की एक धाव. षटकं मोजलेली नसतात, सामना संपवायला घड्याळ नसतं. सात धावांनी पुढे असलेल्या संघालाही शेवटचा गडी स्वतः बाद करावा लागतो. वेळ काढून इथे जिंकता येत नाही. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे. पुढे जे दिसणार आहे त्यातलं बरंचसं याच एका नियमातून निघालेलं आहे.

स्पर्धेचं नाव कॉलेज वर्ल्ड सिरीज. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांची ही राष्ट्रीय अजिंक्यपदाची स्पर्धा दर जूनमध्ये भरते. चला.

कॅलमझू, मिशिगन : जून १९४८

तुम्ही वेस्टर्न मिशिगनच्या हाइम्स फील्डवर उतरता. पुरुषांच्या डोक्यावर हॅट आहेत, बायका हातातल्या कागदांनी वारा घेताहेत, नुकत्याच कापलेल्या गवताचा वास येतोय. ‘वर्ल्ड सिरीज’ हे नाव केवढं मोठं आणि समोरचं हे मैदान केवढं साधं! स्पर्धेचं हे दुसरंच वर्ष आहे. गेल्या जूनमध्ये इथेच पहिली स्पर्धा झाली, तेव्हा कॅलिफोर्नियाने येल विद्यापीठाला सलग दोन सामन्यांत हरवलं, १७-४ आणि ८-७. येलची मुलं यंदा पुन्हा अंतिम फेरीत आली आहेत. समोर आहे सदर्न कॅलिफोर्निया, म्हणजे यूएससी.

खेळाडूंचे चेहरे नीट पाहा. कॉलेजची मुलं म्हणावीत तर थोराड वाटतात. महायुद्ध संपून तीन वर्षंही झालेली नाहीत, आणि रणांगणावरून परतलेले कितीतरी तरुण पुन्हा वर्गात बसले आहेत. येलच्या बाजूला पहिल्या बेसवर जो उंच, सडपातळ, डाव्या हाताने चेंडू फेकणारा खेळाडू उभा आहे, तो त्यांच्यातलाच. येलचा कर्णधार. वय २४, घरी बायको आणि दोन वर्षांचा होत आलेला मुलगा. सप्टेंबर १९४४ मध्ये पॅसिफिक महासागरावर त्याचं विमान पाडलं गेलं होतं. त्याचे दोन्ही साथीदार गेले. तो रबरी तराफ्यावर तरंगत राहिला आणि एका अमेरिकन पाणबुडीने त्याला उचललं. याच महिन्याच्या सुरुवातीला येलच्या मैदानावर बेसबॉलचा महान खेळाडू बेब रूथ आला होता. घशाच्या कर्करोगाने त्याचा आवाज पार गेलेला. त्याने आपल्या आत्मचरित्राचं हस्तलिखित येलला दिलं, ते याच कर्णधाराच्या हाती. ऑगस्टमध्ये रूथ जाणार आहे. हे तुम्हाला माहीत आहे, कर्णधाराला नाही.

पहिला सामना नवव्या डावात आलाय. येल १, यूएससी ३. येलचे खेळाडू तिन्ही बेसवर उभे आहेत आणि एकही बाद झालेला नाही. एका चांगल्या फटक्यावर बरोबरी होईल, त्याहून बऱ्या फटक्यावर विजय. कर्णधाराची पाळी याच्या पुढची. तो बाहेर उभा राहून बॅट हलवतोय, खांदे मोकळे करतोय. तुम्ही त्याच्याकडेच बघत राहा.

फटका बसतो. आरडाओरडा होतो. गर्दी एकदम उभी राहते आणि तिच्या पाठींमुळे तुम्हाला पुढचं काही दिसत नाही. दिसण्याची गरजही नाही. एकाच फटक्यावर तीन बाद. बेसबॉलमध्ये असं क्वचित घडतं, आणि आज, आत्ता, इथे घडलंय. सामना संपला. कर्णधाराच्या हातातली बॅट अजून हवेत अर्धवट उचललेली आहे. त्याची पाळी आलीच नाही.

दुसरा सामना येल जिंकेल, तिसरा ९-२ असा हरेल. दोन वर्षांत दोनदा अंतिम फेरी, दोन्हीदा हार. हा कर्णधार म्हणजे जॉर्ज बुश. जानेवारी १९८९ मध्ये तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होईल. व्हाइट हाउसमधल्या त्याच्या कचेरीत, टेबलाच्या खणात, त्याचा कॉलेजातला पहिल्या बेसवरचा जुना ग्लव्ह ठेवलेला असेल. इतक्या वर्षांनी, इतकं सगळं मिळाल्यावर, माणूस खणात काय जपून ठेवतो ते बघा.

निघता निघता समोरच्या डगआउटकडे, म्हणजे संघाच्या बसण्याच्या जागेकडेही एक नजर टाका. विजयी यूएससीच्या दोन प्रशिक्षकांपैकी तरुण असलेला तो रॉड डीडो. त्याचा चेहरा लक्षात ठेवा, पुन्हा भेटणार आहे.

ओमाहा, नेब्रास्का : जून १९७३

कॅलमझूला स्पर्धा परवडली नाही. १९४९ मध्ये ती कॅन्सस राज्यातल्या विचिटाला गेली आणि १९५० मध्ये ओमाहाला आली. त्यानंतर ती कुठेही गेली नाही.

तुम्ही आता एका टेकाडावर उभे आहात. समोर रोझेनब्लॅट स्टेडियम आहे. ते उभं राहावं म्हणून झटलेल्या आणि पुढे शहराचा महापौर झालेल्या जॉनी रोझेनब्लॅटचं नाव १९६४ मध्ये त्याला दिलं गेलं. वारा फिरला की गुरांचा वास येतो. दक्षिण ओमाहाच्या गोठ्यांचा आणि कत्तलखान्यांचा हा वास. १९५५ मध्ये शिकागोला मागे टाकून इथला गुरांचा बाजार जगात सर्वांत मोठा ठरला होता. या कष्टकरी गावाने ही स्पर्धा तोट्याची वर्षं सोसून सांभाळली. गंमत अशी, की बहुतेक वर्षी मैदानात गावाचा स्वतःचा संघ नसतोच. तरी माणसं येतात, वर्षानुवर्षं त्याच खुर्च्यांवर बसतात आणि मनाला भावेल तो संघ आपला मानतात. पाव्हण्यांच्या मुलांसाठी घसा बसेपर्यंत ओरडणारं असं गाव तुम्हाला सहज सापडणार नाही.

कान उघडे ठेवा. चेंडू बॅटवर बसतो तेव्हा ‘टॉक्’ असा आवाज येतोय. हा लाकडाचा आवाज आहे. पुढच्या वर्षीपासून कॉलेजच्या खेळात ॲल्युमिनियमच्या बॅटला परवानगी मिळेल आणि हा आवाज इथून जाईल.

आता उंचवट्यावर कोण उभं आहे ते पाहा. सहा फूट सहा इंच उंचीचा डेव्ह विनफील्ड. मिनेसोटा विद्यापीठाचा पिचर आणि पिचिंग नसेल तेव्हा बाहेरच्या मैदानातला क्षेत्ररक्षक. हाच मुलगा विद्यापीठाकडून बास्केटबॉलही खेळतो. या वर्षी बेसबॉलच्या, बास्केटबॉलच्या आणि फुटबॉलच्याही व्यावसायिक संघांनी त्याला मागणी घातली आहे. कॉलेजात फुटबॉल तो कधी खेळलेलाच नाही, तरी! समोर यूएससी आहे, सलग तीन वर्षांचा विजेता. डगआउटमध्ये पांढरे केस झालेला प्रशिक्षक आपल्या प्रत्येक खेळाडूला ‘टायगर’ म्हणून हाक मारतोय. ओळखलंत? रॉड डीडो.

आठ डाव झाले आहेत. मिनेसोटा ७, यूएससी ०. विनफील्डने १५ फलंदाजांना स्ट्राइकवर बाद केलंय. त्याचा चेंडू दिसण्याआधीच फलंदाजामागच्या कॅचरच्या ग्लव्हमध्ये गेलेला असतो. यूएससीच्या संघात फ्रेड लिनसारखे पुढे मोठं नाव कमावणारे फलंदाज आहेत, पण आज ते शाळेतल्या मुलांसारखे चुकताहेत. शेजारचे लोक उठून सामान आवरू लागले आहेत. तुम्ही बसून राहा.

नववा डाव. एक जण बेसवर पोचतो. मग दुसरा. पहिली धाव होते तेव्हा कोणी फारसं लक्ष देत नाही. ७-१ म्हणजे काय, अजून केवढी आघाडी आहे. मग आणखी एक फटका, आणखी एक. आवरलेलं सामान खाली ठेवलं जातं. विनफील्डचे खांदे बघा. सुरुवातीला चाबकासारखा फिरणारा हात आता जड झालाय. टोपी काढून तो कपाळ पुसतो, पुन्हा घालतो, पुन्हा काढतो. आघाडी अजून शिल्लक असतानाच प्रशिक्षक डिक सीबर्ट त्याला उंचवट्यावरून काढून डाव्या मैदानात उभा करतात. चेंडू दुसऱ्याच्या हाती जातो.

या क्षणी सगळ्या स्टेडियमची नजर होम प्लेटवर आहे. तुम्ही डावीकडे बघा, दूर, कुंपणाजवळच्या गवतात. तो उंच मुलगा गुडघ्यांवर हात टेकून उभा आहे. आठ डाव सगळा सामना त्याच्या मुठीत होता. आता चेंडू आपल्याकडे यावा असं वाटण्यापलीकडे त्याला काही करता येत नाही. आपण उभं केलेलं घर दुसऱ्याच्या हातून ढासळताना अंगणाच्या टोकाला उभं राहून बघायचं, ही शिक्षा या खेळात आहे.

यूएससी ८, मिनेसोटा ७. एकाच डावात आठ धावा. या स्पर्धेत एक पराभव माफ असतो, दुसरा झाला की घरी. मिनेसोटाचा हा दुसरा. यूएससी अंतिम सामन्यात ॲरिझोना स्टेटला ४-३ असं हरवून सलग चौथं अजिंक्यपद घेईल आणि पुढच्या वर्षी पाचवं.

पण स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून नाव पुकारलं जाईल ते विनफील्डचं. अंतिम सामना न खेळलेल्या, हरून परत गेलेल्या मुलाचं. देणाऱ्यांनी त्या दिवशी नीट पाहिलं होतं. विनफील्ड इथून थेट सॅन डिएगोच्या व्यावसायिक संघात जाईल, मधल्या पायऱ्यांवर एक दिवसही न थांबता. १९९२ मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी, व्यावसायिक वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या सामन्यात अकराव्या डावात तो टोरोंटोला जिंकून देणारा फटका मारेल. एकूण ३,११० हिट्स जमवेल आणि २००१ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची प्रतिमा लागेल. गुडघ्यांवर हात टेकून उभ्या असलेल्या मुलाला यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या कानात जाऊन सांगावंसं वाटतंय ना? अट आठवा.

ओमाहा : ८ जून १९९६

तेच टेकाड, तेच स्टेडियम. गुरांचा वास विरत चाललाय, शेजारचं प्राणिसंग्रहालय पसरलंय. वाहनतळावर जांभळ्या-सोनेरी कपड्यांतली माणसं मोठमोठ्या पातेल्यांत जांबालाया शिजवताहेत. मसाल्याचा, भाताचा, सॉसेजचा वास दरवळतोय. हे दूर दक्षिणेतल्या लुइझियानाहून आलेले एलएसयूचे, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे, पाठीराखे. आज अंतिम सामना आहे, एकच, आणि समोर मायामी आहे. तुमची जागा मायामीच्या बाजूला, केशरी-हिरव्या कपड्यांत. आता फटक्याचा आवाज ‘टिंग्’ असा येतो. धातूचा.

बरोबरी ७-७ अशी आहे. नवव्या डावात मायामीचे दोन बाद झालेले असताना त्यांचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक, ॲलेक्स कोरा फटका मारतो आणि एक धाव येते. मायामी ८, एलएसयू ७. वीस वर्षांचा हा मुलगा पोर्तो रिकोमधल्या काग्वास गावचा. आत्ता या घडीला तो राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणारा खेळाडू आहे. तीन जणांना बाद केलं की झालं. शेजारचा मायामीचा माणूस आनंदाने तुमचा खांदा दाबतो. तुम्ही त्याच्याकडे बघण्याचं टाळता.

एलएसयूचा शेवटचा डाव. ब्रॅड विल्सन फटका मारून दुसऱ्या बेसवर पोचतो. पुढचा फलंदाज बाद होतो, पण त्या फटक्यावर विल्सन तिसऱ्या बेसवर येतो. त्यापुढचा स्ट्राइकवर बाद. दोन झाले, एक उरला. आणि फलंदाजीला येतोय संघाच्या क्रमातला नववा, शेवटचा, वॉरन मॉरिस. मनगटाजवळच्या हॅमेट नावाच्या छोट्याशा हाडाला मार बसून त्याच्यावर शस्त्रक्रिया झालेली आहे आणि हंगामातले बरेचसे सामने त्याने बाकावर बसून काढलेत. साऱ्या हंगामात त्याच्या नावावर एकही होम रन, म्हणजे चेंडू थेट कुंपणाबाहेर टोलवणारा फटका, नाही. उंचवट्यावर मायामीचा रॉबी मॉरिसन आहे, कॉलेजच्या पहिल्याच वर्षातला, आणि तरी संघाने शेवट त्याच्या हाती सोपवलाय.

पहिला चेंडू. वळणारा, खाली येणारा. टिंग्.

चेंडू उंच जात नाही. सरळ, सपाट, उजव्या कोपऱ्याकडे जातो. भिंतीवर आदळेल असं वाटतं, आणि भिंत ओलांडतो. ओलांडतो म्हणजे जेमतेम. एलएसयू ९, मायामी ८. दोन बाद असताना, शेवटच्या डावात, एका होम रनवर अजिंक्यपद. या स्पर्धेच्या इतिहासात असं पूर्वी झालेलं नाही. दोन्ही हात वर करून मॉरिस बेसमागून बेस ओलांडतोय, होम प्लेटपाशी जांभळ्या कपड्यांचा ढीग त्याची वाट बघतोय. हे दृश्य अमेरिकेत वर्षानुवर्षं दाखवलं जाईल.

तुम्ही मात्र आतल्या मैदानातल्या मातीकडे बघा. ॲलेक्स कोरा पालथा पडलाय, तोंड मातीत. मॉरिस त्याच्या जवळून धावत गेला. काही मिनिटांपूर्वी हा मुलगा नायक होता आणि त्याने नंतर काहीही चूक केलेली नाही. चेंडू त्याच्याकडे आलाच नाही. तो डोक्यावरून, पलीकडून, कुंपणाबाहेर गेला. आपली चूक असेल तर माणूस तिच्याशी भांडू शकतो. काही चुकलेलंच नसेल तर भांडायचं कोणाशी? म्हणून तो मातीत पडून आहे. त्याला उठवायला घाई करू नये असं तुम्हालाही वाटतं.

२००७ मध्ये कोरा बॉस्टन रेड सॉक्सचा खेळाडू म्हणून व्यावसायिक वर्ल्ड सिरीज जिंकेल आणि २०१८ मध्ये त्याच संघाचा व्यवस्थापक म्हणून. हरलेल्या मुलाच्या खांद्यावर हात कधी ठेवायचा आणि कधी त्याला एकट्याला सोडायचं, हे कळण्यासाठी या मातीइतकी चांगली शाळा मला ठाऊक नाही.

ओमाहा : २९ जून २०१०

रात्र झाली आहे आणि या स्टेडियममधला स्पर्धेचा हा शेवटचा सामना आहे. एकसष्ट जून या टेकाडाने पाहिले. पुढच्या वर्षापासून सामने शहराच्या मध्यभागी, २४,००० प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियममध्ये होतील. आज निळ्या, लाल, पिवळ्या खुर्च्यांवर आजोबा आणि नातवंडं शेजारी शेजारी बसली आहेत. त्यातल्या काही आजोबांना त्यांच्या वडिलांनी इथे पहिल्यांदा आणलं होतं.

साउथ कॅरोलायना या स्पर्धेतला पहिलाच सामना हरली होती. नंतर ओक्लाहोमाविरुद्ध ती बाहेर पडायला अवघी एक स्ट्राइक बाकी होती, आणि तिथून ती परत आली. आज यूसीएलए विद्यापीठाविरुद्ध अकराव्या डावात व्हिट मेरिफील्ड उजवीकडे फटका मारतो आणि साउथ कॅरोलायना २-१ ने अजिंक्यपद मिळवते. फटाके उडतात. यूसीएलएची मुलं डगआउटच्या कठड्यावर हनुवटी टेकवून बघत राहतात. कोणी त्यांना आत जा म्हणत नाही.

त्यांच्याकडे बघता बघता एक साखळी तुमच्या लक्षात येईल. ही यूसीएलए २०१३ मध्ये परत येईल आणि बेसबॉलमधलं आपलं पहिलं अजिंक्यपद जिंकेल. त्या वर्षी तिच्याकडून हरेल मिसिसिपी स्टेट. तीही कठड्यावर हनुवटी टेकवून उभी राहील. आणि २०२१ मध्ये मिसिसिपी स्टेट जिंकेल. कोणत्याही सांघिक खेळातलं त्या विद्यापीठाचं ते पहिलं राष्ट्रीय अजिंक्यपद असेल. तेव्हा हरणारा संघ असेल व्हँडरबिल्ट. कठडा रिकामा कधीच राहत नाही, त्यावरची माणसं तेवढी बदलतात.

२०१२ मध्ये हे स्टेडियम पाडलं जाईल.

ओमाहा : जून २०२०

इथे थोडाच वेळ थांबा. नवं स्टेडियम, शहराच्या मधोमध. बाहेर ब्राँझचे चार खेळाडू होम प्लेटवर एकमेकांना भेटताना आनंदाने वेडे झालेत. शिल्पकार जॉन लाय्बा यांचं १९९९ मधलं ‘द रोड टू ओमाहा’. ते जुन्या टेकाडावरून इथे आणलंय. त्या चौघांखेरीज आसपास कोणी नाही. १२ मार्चला, कोरोनाची साथ पसरू लागली तेव्हा, या वर्षीची स्पर्धा रद्द झाली. १९४७ पासून पहिल्यांदाच.

या जूनमध्ये कोणी हरलं नाही. पण बॅट हातात घेऊन आपल्या पाळीची वाट बघत उभी असलेली कितीतरी मुलं तशीच घरी परतली. खेळायला एक वर्ष वाढवून मिळालं, तरी नोकरीमुळे, पैशामुळे, घरच्या अडचणींमुळे ते सगळ्यांनाच घेता आलं नाही. विनफील्ड, कोरा, बुश यांच्या गोष्टी सांगताना एक सोय होते: पुढे त्यांचं भलं झालं हे आपल्याला ठाऊक असतं. या मुलांच्या बाबतीत ती सोय नाही. ओमाहात आलेल्या बहुतेक खेळाडूंच्या बाबतीतही ती कधीच नव्हती. त्यांच्यातले फार थोडे व्यावसायिक खेळाडू झाले. बाकीच्यांच्या आयुष्यातला खरा बेसबॉल जूनमधल्या कुठल्यातरी संध्याकाळी, दुसऱ्या पराभवाबरोबर, इथेच संपला. नंतर ते शिक्षक झाले, विमा एजंट झाले, शेती करू लागले. त्यांच्या खणातही एखादा ग्लव्ह असेल. तो बघायला कोणी पत्रकार जाणार नाही.

म्हणून हरणाऱ्याकडे बघायचं ते तो पुढे मोठा होणार आहे म्हणून नाही. मोठा झाला नाही तरी त्याची ती संध्याकाळ तेवढीच खरी होती. जिंकणाऱ्याला जितकं द्यावं लागलं, तितकंच त्यानेही दिलं होतं. सामना दोघांनी मिळून घडवला. १९७३ चा तो नववा डाव विनफील्डच्या आठ डावांशिवाय काहीच नव्हता.

टेकाड : आज

शेवटचा मुक्काम. त्याच टेकाडावर आता प्राणिसंग्रहालयाचा वाहनतळ आहे. गाड्यांच्या रांगांमध्ये एक छोटं मैदान जपून ठेवलंय, लहान मुलांच्या मापाचं. फाउल रेषांचे खांब आहेत, बेस आहेत, जुन्या स्टेडियमच्या खुणा आहेत. जिथे होम प्लेट होती तिथेच होम प्लेट आहे. मॉरिस हात वर करून इथेच पोचला. मिनेसोटाला घरी पाठवणारी आठवी धाव इथेच आली.

एक लहान मुलगी हत्ती बघायला जाण्याआधी बेसभोवती धावून घेते आहे. तिच्या मागे धावणारा भाऊ मागे पडलाय आणि आता रडवेला झालाय. आई त्याला उचलून घेत नाही. ती वाकते, त्याच्या गुडघ्यावरची माती झटकते आणि त्याच्याबरोबर उरलेलं अंतर चालत जाते.

तुमचा प्रवास इथे संपतो. आता आपल्या गावी परत या. तिथे ओमाहा नसेल, पण तालुक्याच्या शालेय स्पर्धा असतील, खो-खोचा अंतिम सामना असेल, कबड्डीच्या मैदानावर रात्री दिवे लागलेले असतील. शेवटची शिट्टी वाजेल आणि सगळं मैदान ढाल उचलणाऱ्यांकडे धावेल. तुम्हाला निकाल आधीपासून ठाऊक नसेल, तरी दोन मिनिटं जागचे हलू नका. दुसऱ्या बाजूला काही मुलं गुडघ्यांवर हात टेकून उभी असतील. त्यांच्यापाशी जा आणि त्यांची नावं विचारा.